असं कसं कळलं? : अश्रूंमधली कात्री



भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलं की तो गोड लागायला लागतो. लाळेतलं विकर भाकरीतल्या पिष्टमय पदार्थाचे तुकडे करतं, म्हणून. हे तुम्हाला शाळेत सांगितलेलं आहे आणि परीक्षेत तुम्ही ते लिहिताही. पण आठवीतल्या एका मैत्रिणीनं पत्रातून जरा कोंडीत पकडणारा प्रश्न विचारलाय. ती म्हणते, ‘पुस्तकात विकराचं चित्र असतं. खाच पडलेला एक गोळा आणि त्या खाचेत नेमका बसणारा दुसरा तुकडा. हे चित्र कुणी बघून काढलंय, की आपलं मनानंच?’

शाबास! पुस्तकातलं प्रत्येक चित्र बघून हाच प्रश्न विचारावा.

खरं सांगायचं तर पुष्कळ वर्षं ते मनानंच काढलेलं होतं. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८९४ साली म्हटलं होतं, की विकर आणि त्याचा पदार्थ कुलूपकिल्लीसारखे एकमेकांत बसत असले पाहिजेत. कल्पना झकास होती, पण कुलूप कुणी पाहिलेलं नव्हतं. विकराचं कुलूप अणूअणूनिशी पहिल्यांदा दिसलं ते १९६५ साली, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत. त्या विकराचं नाव लायसोझाइम. तुम्ही आत्ता हे वाचताना पापणी मिटलीत ना, तेव्हा तेच तुमच्या डोळ्यावरून फिरून गेलं!

पेनिसिलिनवाले अलेक्झांडर फ्लेमिंग तुम्हाला माहीत आहेतच. पेनिसिलिन १९२८ सालचं. त्याआधी, १९२१ मध्ये, फ्लेमिंगना सर्दी झाली होती. सर्दी झाली की आपण रुमाल शोधतो. या गृहस्थांनी आपल्या नाकातला शेंबूड जिवाणू वाढवलेल्या बशीत टाकला. (ई करू नका. विज्ञानात असं चालतं.) बघतात तर काय, शेंबडाभोवतालचे जिवाणू चक्क विरघळून गेलेले! मग त्यांनी लाळ तपासली, अश्रू तपासले, कोंबडीच्या अंड्यातला पांढरा बलक तपासला. सगळीकडे तीच करामत. अश्रू कमी पडायला लागले तेव्हा लिंबाच्या मदतीनं सहकाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढायचा उद्योगही त्यांनी केला. तुम्ही मात्र हा प्रयोग धाकट्या भावावर करायचा नाही, सांगून ठेवते. १९२२ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. एक गोष्ट मात्र त्यांना खटकत राहिली. बिनउपद्रवी जिवाणूंवर लायसोझाइम झकास चालायचं, पण खऱ्या रोगजंतूंपैकी कितीतरी जणांचं ते फारसं काही बिघडवू शकत नसे. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

लायसोझाइम काय कापतं? जिवाणूच्या भोवती एक भिंत असते. ती बाजेच्या नवारीसारखी विणलेली असते. एका दिशेनं साखरेसारख्या रेणूंच्या लांब माळा, आणि त्या माळा एकमेकींना बांधणारे छोटे आडवे धागे. माळेत मणी दोनच प्रकारचे, आणि ते आलटूनपालटून येतात. त्यांची रासायनिक नावं लांबलचक आहेत, आपण एकाला ‘साधा मणी’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘फांदीचा मणी’, कारण त्याच्या अंगाला एक जादा फांदी फुटलेली असते. लायसोझाइम ही माळ कापतं. नवार तुटली की बाज जशी खचते तशी भिंत खचते, बाहेरचं पाणी आत घुसतं आणि जिवाणू फटकन फुटतो.

म्हणजे ही कात्री आहे, एवढं कळलं होतं. पण कात्रीचं पातं कुठाय? ती माळ धरते कशी? मुळात एवढी लहान वस्तू बघायची कशी?

किती लहान ते ऐका. तुमच्या पट्टीवरचा एक मिलिमीटर घ्या. त्याचे दहा लाख भाग करा. त्यातले साडेचार भाग म्हणजे लायसोझाइमच्या एका रेणूची लांबी. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लाट याच मापात चारशे ते सातशे भाग लांब असते! अशा लाटेनं रेणू बघायचा म्हणजे केरसुणीनं रांगोळी काढायची. कितीही भारी सूक्ष्मदर्शक आणा, जमणार नाही. बारीक लाट हवी, आणि ती क्ष-किरणांची असते. पण क्ष-किरणांची पंचाईत अशी, की आपल्या साध्या भिंगानं ते वळत नाहीत. म्हणजे त्यांची प्रतिमा जुळवता येत नाही. मग?

इथे एक प्रयोग करा. रात्री अंधारात उभे राहून लांबवरच्या एखाद्या बारीक दिव्याकडे तलम, विणलेल्या रुमालातून बघा. काळी छत्रीही चालेल. (सूर्याकडे किंवा लेझरकडे कधीही बघायचं नाही, रुमालातूनसुद्धा नाही.) एका दिव्याऐवजी ठिपक्यांची फुली दिसेल. आता रुमाल हळूच फिरवा, फुलीही फिरेल. जास्त तलम कापड घेतलंत तर ठिपके एकमेकांपासून आणखी लांब जातील. म्हणजे धागा न बघता, नुसते ठिपके मोजून, कापडाची वीण किती दाट आहे ते सांगता येईल. करून बघा, वाचून सोडून देऊ नका.

क्ष-किरणांच्या बाबतीत रुमालाच्या जागी असतो स्फटिक. खडीसाखर, मीठ, तुरटी यांचे स्फटिक तुम्ही पाहिलेत. त्यात एकसारखे कण रांगेनं, ओळीनं, थरावर थर असे लागलेले असतात. शाळेच्या कवायतीत एकाच मुलानं पाय आपटला तर ऐकू येत नाही, पण सगळी शाळा एकदम ‘दहिने मूड’ करते तेव्हा मैदान दणाणतं. तसंच एका रेणूवरून विखुरलेले क्ष-किरण पकडण्याइतके जोरकस नसतात. स्फटिकातले कोट्यवधी रेणू एका तालात साथ देतात तेव्हा फिल्मवर ठिपका उमटतो. विल्यम ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स यांनी ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढायची ही विद्या १९१३ च्या सुमारास तयार केली. १९१५ साली दोघांना नोबेल मिळालं तेव्हा लॉरेन्स अवघे २५ वर्षांचे होते. त्यांनी सोडवलेले पहिले स्फटिक आपल्या मिठासारखे साधे होते.

विकराचा स्फटिक करायचा हे मात्र भलतंच अवघड काम. विकरं ही प्रथिनं असतात हेच मुळात अनेक बड्या रसायनशास्त्रज्ञांना मान्य नव्हतं. अमेरिकेतल्या जेम्स सम्नर यांनी नऊ वर्षं खपून १९२६ साली एका शेंगेच्या दाण्यांतून युरिएज नावाच्या विकराचे स्फटिक काढले आणि तो प्रथिनाचाच पदार्थ असल्याचं दाखवलं. सम्नर जन्मानं डावखुरे होते, आणि १७ व्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्यांचा नेमका डावाच हात गेला होता. एका हातानं, तोही शिकवून तयार केलेल्या उजव्या हातानं, हे काम! लोकांनी बरीच वर्षं विश्वास ठेवला नाही. १९४६ साली नोबेल मिळालं.

पुढची अडचण सुटली ती १९३४ साली, केंब्रिजमध्ये. जे. डी. बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (ह्याच पुढे डोरोथी हॉजकिन म्हणून प्रसिद्ध झाल्या) यांच्या हाती पेप्सिन या पोटातल्या विकराचे स्फटिक लागले. स्फटिक वाळवून क्ष-किरण सोडले की नीटसे ठिपके मिळत नसत. बर्नाल यांच्या लक्षात आलं, की प्रथिनाच्या स्फटिकाचा मोठा भाग पाणीच असतो. वाळला की आतली रचनाच ढासळते. मग तो आपल्याच द्रवात ओला ठेवून, बारीक काचेच्या नळीत बंद करून फोटो घेतला. ठिपकेच ठिपके! पण ते वाचायचे कसे? ठिपक्यावरून लाट किती जोराची ते कळतं, तिचा उंचवटा कधी येऊन पोचला ते कळत नाही, आणि त्याशिवाय चित्र जुळत नाही. मॅक्स पेरुट्झ यांनी १९५३ च्या सुमारास हिमोग्लोबिनवर यातून वाट काढली. रेणूला पाऱ्यासारखा एखादा जड अणू चिकटवायचा, पुन्हा फोटो काढायचा आणि दोन्ही फोटोंतला फरक बघायचा. पुढे हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन यांची रचना कळली, पण ही दोन्ही प्रथिनं प्राणवायू वाहण्या-साठवण्याच्या कामाची, विकरं नव्हेत.

आता येऊ आपल्या कात्रीकडे. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम घेतलं. ते भरपूर मिळतं आणि मिठाच्या पाण्यात त्याचे सुबक स्फटिक होतात. पारा आणि युरेनियम असलेले जड कण त्यात बसवून ठिपके मोजले, संगणकावर गणितं केली. हातात आलं ते फोटोसारखं चित्र नव्हतं. भूगोलाच्या नकाशात डोंगर दाखवायला समोच्चरेषा काढतात ना, तशा रेषा. जिथे इलेक्ट्रॉनांची गर्दी तिथे ‘डोंगर’. असे नकाशे पारदर्शक तावांवर काढून एकावर एक रचले की रेणू उभा राहतो. १९६२ साली नुसता ओबडधोबड गोळा दिसत होता. मे १९६५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात बारीकसारीक तपशिलासह निबंध आला. त्यावर ब्लेक, कोनिग, मेअर, नॉर्थ, फिलिप्स आणि सर्मा अशी सहा नावं आहेत. त्या वेळी संस्थेचे संचालक कोण होते माहितेय? तेच लॉरेन्स ब्रॅग, आता पंचाहत्तरीचे! मिठाच्या स्फटिकापासून सुरू केलेली आपली विद्या विकरापर्यंत पोचलेली त्यांना बघायला मिळाली.

दिसलं काय? १२९ अमिनो आम्लांची एक साखळी, गुंडाळून गुंडाळून अंड्याच्या आकाराची झालेली. आणि तिच्या एका अंगाला, भरल्या वांग्याला देतो तशी, खोल चीर.

चीर दिसली म्हणजे माळ तिथेच बसत असणार, नाही का? पण ‘असणार’ म्हणून भागत नाही. आपल्या मैत्रिणीचा प्रश्न तिथेही लागू पडतो. हे काम केलं लुईझ जॉन्सन या विद्यार्थिनीनं, आणि मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात रंगतदार भाग हाच. खरी माळ दिली तर कात्री ती कापून मोकळी होणार. फोटो निघायला तर कितीतरी वेळ लागायचा. म्हणून तिनं आत जाईल पण फिरणार नाही अशी किल्ली वापरली, म्हणजे फक्त तीन साध्या मण्यांचा तुकडा. तो चिरेत बसतो, पण जवळजवळ कापलाच जात नाही. स्फटिकात पाण्याच्या वाटा असतातच; त्या पाण्यात हा तुकडा विरघळवला की तो आपोआप आत शिरतो. मग तुकड्यासकट काढलेल्या नकाशातून नुसत्या विकराचा नकाशा वजा करायचा. उरेल तो तुकडा! उरला तो थेट चिरेत. जॉन्सन आणि फिलिप्स यांचा हा निबंध ‘नेचर’च्या त्याच अंकात आहे.

पण तीन मण्यांनी चिरेचा फक्त वरचा अर्धा भाग भरला होता. खाली आणखी तीन मण्यांची जागा रिकामी. आता शाडूची माती घ्या, वांग्याएवढा गोळा करा, चीर पाडा आणि मणी घेऊन माझ्याबरोबर बसा. बाकावर सहा जणांची जागा आहे असं समजा, जागा १ ते ६. माळेत साधा आणि फांदीचा असे मणी आलटूनपालटून. रसायनशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं, की कात्री नेहमी फांदीच्या मण्याच्या पुढे, साध्या मण्याच्या आधी चालते. आणि मॉडेलमध्ये दिसलं, की जागा ३ इतकी अडचणीची आहे की तिथे फांदीचा मणी मावतच नाही. म्हणजे ३ वर साधाच मणी बसणार. मग साधे मणी १, ३, ५ वर आणि फांदीचे २, ४, ६ वर. कात्री चालू शकेल अशा जागा आता किती उरल्या? दोनच. २ आणि ३ यांच्यामध्ये, किंवा ४ आणि ५ यांच्यामध्ये. पण लुईझचा तीन मण्यांचा तुकडा १, २, ३ वर सुखानं बसून होता, कापला जात नव्हता! म्हणजे २-३ बाद. उरली ४-५. पातं तिथेच!

आता नकाशात ४-५ च्या शेजारी काय आहे ते बघितलं. चिरेच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन आम्लं. साखळीतलं ३५ वं, ग्लुटामिक आम्ल, आणि ५२ वं, अ‍ॅस्पार्टिक आम्ल. ३५ च्या आजूबाजूची वस्ती तेलकट, पाण्याला दूर ठेवणारी, त्यामुळे त्यानं आपला प्रोटॉन जपून ठेवलेला. ५२ नं आपला केव्हाच देऊन टाकलेला, त्यामुळे त्याच्यावर ऋण भार. शिवाय चौथ्या जागी मणी सरळ बसेना. त्याचं कडं पिळवटल्याशिवाय मॉडेलमध्ये ते मावत नव्हतं. यावरून फिलिप्स यांनी कापण्याची रीत सांगितली. पिळवटलेला मणी तुटायला आधीच तयार. ३५ आपला प्रोटॉन दोन मण्यांमधल्या ऑक्सिजनला देतं, जोड तुटतो, ५ आणि ६ निघून जातात. चौथ्या मण्यावर धन भार येतो. ५२ चा ऋण भार समोरून त्याला सावरून धरतो. मग पाण्याचा एक रेणू येतो, अर्धा मण्याला मिळतो आणि राहिलेला प्रोटॉन ३५ ला परत मिळतो. कात्री पुन्हा जशीच्या तशी, पुढच्या माळेला तयार.

ही गोष्ट पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. पण एक गोम होती. स्फटिकातून मिळतं ते थांबलेलं चित्र. लग्नाच्या ग्रुप फोटोवरून पंगतीत कोण कुणाला आग्रह करत होतं ते सांगायचं तसं हे आहे. अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. अमेरिकेतल्या डॅनियल कॉशलँड यांनी १९५३ सालीच म्हटलं होतं, की अशा विकरांत मणी आणि आम्ल यांच्यात थोडा वेळ पक्का बंध जुळत असावा. फिलिप्स यांच्या रीतीत ५२ नुसतं समोर उभं राहून सावरत होतं, हात धरत नव्हतं. खरं कोण?

ते ठरायला २००१ साल उजाडावं लागलं. कॅनडातले स्टीफन विदर्स, डेव्हिड व्होकॅड्लो आणि इंग्लंडमधल्या यॉर्कचे गिडियन डेव्हिस यांनी एक युक्ती केली. लायसोझाइममधलं ३५ वं आम्ल बदलून त्याला मंद केलं, आणि मण्यात फ्लोरिनचा अणू घालून तो मधल्या पायरीवर अडकून राहील असं केलं. मग स्फटिक, क्ष-किरण, नकाशा. नकाशात ५२ व्या आम्लापासून मण्यापर्यंत सलग बंध! हात धरलेला होता. छत्तीस वर्षांनी पाठ्यपुस्तकातली एक पायरी बदलावी लागली. पातं कुठे आहे, ती दोन आम्लं कोणती, हे फिलिप्स आणि जॉन्सन यांचं म्हणणं मात्र जसंच्या तसं टिकलं.

आज अशा रचनांचा एक जागतिक साठा आहे. १९७१ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्यात सात रचना होत्या. २०२३ मध्ये त्यांनी दोन लाखांचा आकडा ओलांडला. त्यात पुण्याचीही भर आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले सी. जी. सुरेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यॉर्कच्या शास्त्रज्ञांबरोबर पेनिसिलिन कापणाऱ्या एका विकराची रचना १९९९ साली प्रसिद्ध केली. एड्सच्या विषाणूतल्या एका विकराची रचना १९८९ मध्ये कळली आणि त्याच्या खाचेत अडकून बसणारं पहिलं औषध १९९५ च्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झालं. लुईझनं वापरली तीच युक्ती, न फिरणारी किल्ली!

आता फ्लेमिंगना खटकलेला मुद्दा. गळू, पुळ्या करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू लायसोझाइमला दाद देत नाही. त्याच्या भिंतीतही त्याच दोन मण्यांच्या माळा असतात. पण पुष्कळशा फांदीच्या मण्यांना तो आणखी एक छोटा रासायनिक गट चिकटवून ठेवतो, गाठ मारल्यासारखा. तुमचा मातीचा गोळा अजून वाळला नसेल. फांदीच्या मण्याला पिठाची एक गोळी चिकटवा, माळ चिरेत बसवून बघा, आणि कोणत्या जागेवर काय अडतं ते मला पोस्टकार्डावर चित्र काढून कळवा.